बिनमेंढराचा अल्बम

संपत करगळ लग्नघरी पोचला की चहा विचारणाऱ्याला हातानंच थांबवायचा आणि आधी पांढरी भिंत कुठं आहे ते विचारायचा. भिंत मिळाली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. नाही मिळाली तर पिशवीतून धुतलेलं पांढरं धोतर निघायचं, दोन खांबांना दोरी बांधली जायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धोतर ताणून बसवलं जायचं. शिरूरच्या नीलम फोटो स्टुडिओचा सरंजाम एवढाच. एक पिशवी संपतच्या खांद्याला आणि दुसरी गाडीवर मागं बसलेल्या बायकोच्या मांडीवर. स्टुडिओला नाव तिचंच होतं, आणि व्हिडिओ कॅमेरा तीच धरायची. लग्नातल्या बायका तिला बघून पदर नीट करायच्या आणि पुरुष पोट आत घ्यायचे, म्हणून व्हिडिओ चांगला येतो, असं संपत सांगायचा.

इतक्या वर्षांत त्यानं कुठं कुठं फोटो काढले होते याचा हिशेब नव्हता. निमोण्याला एकदा वावटळीनं मांडव उडाला आणि लग्न कांद्याच्या चाळीत लागलं. फळ्यांच्या फटीतून उन्हाचे पट्टे नवरीच्या तोंडावर पडत होते. संपतनं दोन गोणपाटं लावून पट्टे अडवले आणि फोटो असे काढले, की नवरीच्या सासरच्यांना तो एखादा हॉल वाटला. लॉकडाऊनमध्ये एक लग्न विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत झालं. भटजी दारात, वऱ्हाड बांधावर, आणि संपत स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभा. त्याचं म्हणणं असं, की जागा कुठलीच वाईट नसते. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं, एवढं कळलं की झालं.

त्याचा बाप मेंढरं राखायचा. संपत शाळेत असताना बापानं कळप विकला, कवठे येमाईला थोडी जमीन घेतली आणि काठी कायमची कोपऱ्यात ठेवली. संपत हे लपवायचा नाही, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचाही नाही.

त्याच कवठ्याच्या बिरदेवची पोरगी पूनम एका दुपारी एकटीच स्टुडिओत आली. बिरदेवच्या घरात अजून मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोडीवर लादून ते भीमेच्या कडेला जायचे आणि पाऊसकाळाला परत यायचे. पूनम मात्र मावशीकडं राहून शिकली, पुढं हॉस्टेलवर राहून फार्मसीचा डिप्लोमा केला. तिचं लग्न राहूच्या आयुषशी ठरलं होतं. त्याच्या घरानं मेंढरं कधीच सोडली होती, आता ऊस आणि ढोबळी मिरची होती.

"काका, घरचे सांगतील ते सगळे फोटो काढा," पूनम म्हणाली. "माझं एकच आहे. एकाही फोटोत मेंढरू दिसता कामा नये."

"लगीन कुठंय?"

"कवठ्याला. घरापुढं."

"मग मेंढरं कुठनं येतील? ती तर तिकडं भीमेला."

"म्हणून तर आधी सांगते. आबांचा काही भरवसा नाही." आबा म्हणजे तिचा आजा, गेणबा.

मग तिनं न विचारता कारणही सांगितलं. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तिनं आईनं दिलेली घोंगडी खाटेवर पसरली. वास कसला येतोय म्हणून पोरी खोलीभर हुंगत फिरल्या. त्या दिवसापासून शिक्षण संपेपर्यंत तिला कुणी पूनम म्हणून हाक मारली नाही, मेंढी म्हणूनच मारली. त्या सगळ्या पोरी आता लग्नाचे फोटो बघणार होत्या.

हे सांगताना ती रडली नाही. काउंटरवरच्या काचेखालचे पासपोर्ट फोटो बघत बोलली.

"न्हाई दिसणार," संपत म्हणाला. "माझा शब्द."

ती गेल्यावर नीलम म्हणाली, "शब्द देऊन बसला. मेंढरं का कुणाला इचारून येत्यात?"

"कवठ्यात एक मेंढरू न्हाई सध्या."

लग्न चार दिवसांवर आलं आणि बिरदेवचा फोन आला. "संपतराव, जागा बदलली बरं का."

"आता कुठं?"

"वाड्यावर."

धनगर जिथं मेंढरं बसवतो आणि चूल मांडतो, त्या उघड्या रानालाच वाडा म्हणतात. बिरदेवचा वाडा त्या वेळी राहूच्या शिवारात, हौसराव नावाच्या बागायतदाराच्या रानात होता. बाजरी निघालेल्या रानात मेंढरं बसली की लेंडीखत पडतं, म्हणून हौसरावनंच त्यांना बोलावून घेतलं होतं. पण मेंढ्यांची वीण एकदम सुरू झाली. रोज नवी कोकरं. अशात कळप टाकून सगळ्यांनी कवठ्याला जायचं कसं? गेणबानं एका वाक्यात निकाल लावला होता, "मेंढरं हालणार न्हाईत. नवरीला हिकडं आणा." नवऱ्याकडचे पाहुणे तर राहूचेच, ते आनंदानं तयार झाले.

"आन् मुहूर्त?" संपतनं विचारलं.

"गोरज."

संपतनं फोन ठेवला. दिवस मावळायला रानातली जनावरं धूळ उडवत घरी येतात, त्या वेळेला गोरज म्हणतात. लग्न त्याच वेळी आणि त्याच जागी.

"धोतर किती घिऊ?" नीलमनं विचारलं. "कळप झाकायचा म्हंजी तागाच लागंल."

लग्नादिवशी न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून ते दुपारीच रानात पोचले. हौसरावनं मांडव झकास घातला होता. लाल-पिवळं कापड, झेंडूच्या माळा, मखमली खुर्च्या. पण मांडवाच्या मागंच वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे मेंढरांना अडवायची दोरीची जाळी. तिच्यात नुकती जन्मलेली कोकरं होती आणि ती सारखी ओरडत होती. एका बाजूला घोडी बांधलेली, दुसऱ्या बाजूला घोंगड्या वाळत घातलेल्या. आणि लेंड्या तर सगळीकडं, मांडवातल्या सतरंजीखालीसुद्धा.

भिंत एकच होती. बांधाच्या कडेला हौसरावची मोटारीची खोली, दिवाळीत चुना दिलेली. संपतनं तिला चारी बाजूंनी फिरून बघितलं. पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन छान पडत होतं आणि शेजारी बोगनवेल होती. घोंगड्या त्यानं स्वतः काढून घडी घालून ठेवल्या, घोडी पलीकडच्या बाभळीला नेऊन बांधली, वाघरीवर धोतर टाकलं. नवरदेवाला वऱ्हाडाच्या आधीच बोलावून घेऊन नवरा-नवरीचे सगळे मोठे फोटो त्यानं त्या भिंतीला उरकून घेतले. पूनम एकदाच हळूच म्हणाली, "काका, आवाज?"

"फोटूत आवाज येत न्हाई."

"व्हिडिओत येतो."

"त्याच्यावर सनई घालू," नीलम म्हणाली.

राहिला कळप. तो बिरदेवचा चुलतभाऊ बन्सी नदीकडं चारायला घेऊन गेला होता. संपत गाडी काढून त्याच्याकडं गेला.

"बन्सी, आज जरा उशिरा ये. अक्षता पडल्या की मी फोन करतो, मग निघ."

बन्सीनं त्याच्याकडं बघितलं आणि तो हसला. "मामा, तुम्ही धनगराचंच ना?"

"व्हय की."

"मग ठीक हाय. बघतो, थांबली तर."

तो का हसला हे विचारायला संपतला वेळ नव्हता. तो गाडी वळवून परत आला आणि लेन्स पुसायला लागला.

ऊन कलायला लागलं तशी वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. नवरदेवाची आजी रंगुबाई खुर्चीत बसली, नाकाला पदर लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "पन्नास वर्सांपूर्वी ह्या वासातनं बाहेर पडलो, आन् नातवानं परत आणून बशिवलं." बायका हसल्या. पूनमच्या कानावर ते गेलं, आणि तिनं मान आणखी खाली घातली. अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. संपत स्टुलावर चढला. डोळ्याला कॅमेरा लावल्यावर त्याला चौकटीत फक्त मुंडावळ्या, फेटे आणि झेंडू दिसत होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

दुसरं मंगलाष्टक संपता संपता मागच्या वाघरीतली कोकरं एकदम एका सुरात ओरडायला लागली. आणि नदीच्या बाजूनं त्यांना उत्तर आलं.

आता संपतला बन्सीचं हसू कळलं. दिवसभर चरलेल्या, दुधानं कास तटलेल्या मेंढ्या मावळतीला कोकरांकडं निघतात. तेव्हा त्यांना कुणी थांबवू शकत नाही, काठी नाही आणि कुत्रंही नाही. लहानपणी हे त्यानं रोज बघितलं होतं. बापाच्या कळपापुढून बाजूला पळायला उशीर झाला म्हणून एकदा तो तुडवलाही गेला होता. आणि त्यानं बन्सीला सांगितलं होतं, फोन करतो मग निघ.

धुळीचा एक लोट उसाच्या फडाला वळसा घालून आला. त्याच्या खाली पाय दिसत होते, असंख्य.

संपत स्टुलावरूनच ओरडला, "सरका! सगळी आत या! नवरा-नवरीला खेटून उभी राहा, जागा सोडू नका!"

"काय झालं?" हौसराव दचकला.

"फोटूला दाटी पायजे! आत या! आजी, तुम्ही बी उठा!"

"आता आम्हाला बी वाघरीत घालतो का रं?" रंगुबाई उठत म्हणाली.

"व्हय आजी, पुढं या, वाघरीच्या दारात तुम्हीच."

हशा पिकला आणि माणसं आत सरकली. बहुतेकांच्या घरात कधी ना कधी मेंढरं होती. गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये फट न ठेवता कसं उभं राहायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. बघता बघता नवरा-नवरीभोवती माणसांचं गच्च कडं झालं. भटजी थांबले नाहीत. मेंढ्या त्या कड्याला दोन्ही बाजूंनी घासून, सतरंजीवरून, खुर्च्यांच्या खालून कोकरांकडं निघून गेल्या. एक खुर्ची पडली. धूळ मांडवात भरली आणि मावळतीच्या उजेडात पिवळी झाली. संपतनं कॅमेरा माणसांच्या छातीच्या वरच रोखला आणि खाली काय चाललंय तिकडं न बघता फोटो काढत राहिला. अक्षता उडाल्या तेव्हा त्याच्या चौकटीत धूळ, तांदूळ, हात आणि दोन चेहरे होते. मेंढरू एकही नव्हतं.

तो स्टुलावरून उतरला. पूनमनं त्याच्याकडं बघून डोळ्यांनीच विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती पहिल्यांदा हसली.

मंगळसूत्र बांधून झालं आणि तेवढ्यात गेणबा कळपातून एक मेंढी घेऊन आला.

मेंढी तरणी होती, कपाळाला भंडारा लावलेला, गळ्यात दोरी. त्यांच्या घरात लेकीला आंदण म्हणून एक मेंढी देतात. पाच माणसांदेखत दोरी नवरीच्या हातात द्यायची. मेंढी राहते बापाच्याच कळपात, पण तिची वीण सगळी लेकीची. कानाला वेगळी खूण केलेली असते.

"संपत, हिकडं ये," गेणबा म्हणाला. "ह्याचा फोटू पायजे."

"आबा, फोटो कशाला?" पूनम म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं ना?"

"बघणारी मरत्यात." गेणबानं बिरदेवच्या थोरल्या पोराकडं, हृतिककडं एकदा बघितलं आणि नजर परत दोरीवर आणली. "माझ्या भनीला दिली हुती, पाच जणांदेखत. आमचा बा गेल्यावर थोरला भाऊ म्हणला, कसली मेंढी? इचारायला जावं तर त्या पाचातलं एक बी शिल्लक न्हाई. मोकळ्या हातानं परत गेली बाई सासरी. धर दोरी."

पूनमनं दोरी धरली. हिरवा चुडा, रंगलेली मेंदी आणि काथ्याची दोरी. ती संपतकडं बघत होती. गेणबाही संपतकडंच बघत होता.

संपतनं बटण दाबलं.

मांडवातून बाहेर पडताना पूनम त्याच्या जवळून गेली. "काका," एवढंच म्हणाली.

"अल्बमात न्हाई येणार," संपत म्हणाला.

आणि आला नाही. अल्बम राहूला पोचला तेव्हा सगळ्या आळीनं तो बघितला. बिरदेव स्टुडिओत आला तेव्हा नीलमनं त्याला कॉम्प्युटरवर दाखवला. तो पुढं वाकून बघत राहिला. "हे आमच्याच वाड्याचं रान व्हय? वळखू बी येईना." त्याला बरं वाटलेलं दिसलं. मोटारीच्या खोलीचा फोटो बघून हॉस्टेलच्या एका पोरीनं रिसॉर्ट कुठलं म्हणून विचारलं, असा पूनमचा मेसेज आला. सोबत हात जोडल्याच्या तीन खुणा. संपतनं तो मेसेज नीलमला दाखवला आणि विषय संपला असं समजला.

मेंढरं कवठ्याला परतली त्या सुमारास, एका बाजारच्या दिवशी गेणबा शिरूरला आला. हृतिकनं त्याला मोटारसायकलवरून आणलं होतं, तो बाहेरच गाडीवर बसून राहिला. गेणबानं वहाणा दाराबाहेर काढल्या, आत आला आणि फोटोसाठी ठेवलेल्या गोल स्टुलावर बसला.

"अल्बम बघितला मी. राहूला जाऊन. फुडनं बघितला, मागनं बघितला. मेंढी न्हाई त्यात."

"आबा, अल्बमात जागा कमी असती."

"लेका, नवऱ्याच्या बुटाचा फोटू हाय त्यात. नुसत्या बुटाचा! त्याला जागा घावली?"

नीलम तोंड फिरवून हसली. संपतला हसता आलं नाही.

"फोटू काढलाय आबा. हाय माझ्याकडं. पन इचारावं लागंल."

"कुणाला? मेंढीला?"

"पूनमला."

गेणबा जरा हलला. स्टूल फिरतं होतं, ते त्याच्याखाली थोडं फिरलं. त्यानं पाय टेकवून ते थांबवलं. "तिला नको हाय व्हय," तो म्हणाला. "ठाव हाय मला. हास्टेलला गेल्यापासनं वाड्यावर आली की आदी हात धुवायची. मी काय बोललो का कधी? तिला नको आसंल तर तिनं बघू न्हाई. मी का तिला दाखवायला काढलाय? तिच्या भावास्नी दाखवायला काढलाय."

संपतनं फोन लावला. पूनमच्या आवाजामागं भांडी वाजत होती. त्यानं सगळं सांगितलं. भांड्यांचा आवाज मागं पडला. मग तिचा आवाज बारीक झाला, ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"आबा तिथंच आहेत?"

"हाईत."

"रागावलेत?"

"न्हाई. बसल्यात."

"द्या त्यांना. पण काका, माझं तोंड नको त्याच्यात. उद्या कुणीतरी मोबाइलवर काढेल आणि इकडं पाठवेल. तोंड नसलं तर कुणाचा का असेना."

"बरं."

"आणि त्यांना सांगा..." ती थांबली. "काही नाही. द्या."

नीलमनं फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि वरची कड खाली ओढायला लागली. गेणबा उठून तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"कुठवर आणू आबा? हितं?"

"खाली घे. हनवट दिसती."

"आता?"

"आता वर जरा. मंगळसूत्र ऱ्हाऊ दे. लगीन झाल्यावरची हाय हे कळाय पायजे. आन् मेंढीचा कान कापू नगं, खूण कानालाच हाय."

फोटो छापून आला. त्यात एक मेंढी होती, गेणबाचा हात होता, आणि मंगळसूत्राच्या खाली हिरव्या चुड्यातला एक हात दोरी धरून होता. गेणबानं तो हातभर लांब धरून बघितला.

"आन् वरचं?"

"वरचं माझ्याकडं हाय."

"पुसू नगंस."

"न्हाई पुसत."

"ती म्हणली तरी?"

संपतनं नीलमकडं बघितलं. एकीला त्यानं शब्द दिला होता आणि दुसरा समोर उभा होता. नीलमनं कॉम्प्युटरकडं बघत राहायचं ठरवलेलं दिसत होतं.

"ती म्हणली तर आधी तुम्हाला सांगीन," तो शेवटी म्हणाला. "मग काय ते तुम्ही दोघं बघा."

गेणबानं थोडा विचार केला आणि मान डोलावली. त्यानं फोटो खिशात घातला नाही. तो तसाच हातात धरून वहाणा घातल्या आणि रस्त्यावर हृतिकपुढं जाऊन उभा राहिला. संपत दारात आला होता.

"बघ," गेणबा म्हणाला.

हृतिकनं फोटो घेतला. "ही कोण?"

"तुझी भन."

"तोंड कुठंय हिचं?"

"तुला भन वळखाय तोंड लागतं व्हय?"

हृतिकनं फोटो पुन्हा बघितला. उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला. मग तो गेणबाच्या हातात दिला.

"बरं," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.